शिधापत्रिका मिळाली, शिधा कधी?

महाराष्ट्रात शिधापत्रिका मिळणे आणि त्या शिधापत्रिकेवर सरकारी धान्य मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींची पात्रता वेगळी आहे आणि दोन्हींबाबतचा निर्णयही वेगवेगळ्या टप्प्यांवर होतो. तरीही तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा शहरातल्या रेशनिंग कार्यालयात अर्ज घेऊन येणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की, कार्ड हातात पडले की पुढच्या महिन्यापासून गहू-तांदूळ सुरू होणार. प्रत्यक्षात कार्ड येते, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावे असतात, आणि दुकानदार मात्र ‘तुमचे नाव ऑनलाइन दिसत नाही’ असे सांगून परत पाठवतो. या उत्तरामागे दरवेळी दुकानदाराची लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा ते कायद्याच्या रचनेतूनच आलेले असते, आणि ती रचना समजल्याशिवाय अर्ज कोठे अडला आहे आणि पुढे कोणाकडे जायचे हे कळत नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ येईपर्यंत स्वस्त धान्य ही सरकारने चालवलेली योजना होती, नागरिकाचा कायदेशीर हक्क नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाई आवरण्यासाठी मुंबईसारख्या शहरांत सुरू झालेले शिधावाटप स्वातंत्र्यानंतर हळूहळू खेड्यापाड्यांत पोहोचले, १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोने महाराष्ट्रातली असंख्य घरे तगवली (आणि त्या मिलोच्या भाकरीची चव त्या पिढीला जन्मभर नकोशी झाली), पण १९९७ साली केंद्र सरकारने कुटुंबांचे दारिद्र्यरेषेखालील आणि दारिद्र्यरेषेवरील असे दोन भाग पाडून अनुदानाचे धान्य मुख्यतः पहिल्या भागापुरते आखले. २५ डिसेंबर २००० रोजी त्यातल्याही सर्वांत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय अन्न योजना सुरू झाली. पुढच्याच वर्षी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, गोदामांत धान्य भरलेले असताना माणसे उपाशी का राहतात हा प्रश्न न्यायालयापुढे आला, आणि त्यातून अनेक वर्षे निघत राहिलेल्या आदेशांनी अन्नाचा हक्क कायद्यात लिहिला जाण्याची वाट मोकळी केली.

या कायद्याने लाभार्थी कुटुंबांचे दोन गट केले. पहिला गट अंत्योदय कुटुंबांचा. त्यात भूमिहीन शेतमजूर, अल्पभूधारक, कुंभार-लोहार-विणकर यांसारखे ग्रामीण कारागीर, हमाल व सायकलरिक्षावाले अशी रोजच्या कमाईवर जगणारी माणसे, उपजीविकेचे खात्रीचे साधन नसलेल्या विधवा, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले किंवा साठीपुढचे कुटुंबप्रमुख, तसेच कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांसारख्या आदिम जमातींची कुटुंबे येतात, आणि अशा कुटुंबाला माणसे कितीही असली तरी दरमहा ३५ किलो धान्य मिळते. दुसरा गट ‘प्राधान्य कुटुंबां’चा, येथे हिशेब माणशी होतो आणि प्रत्येक सदस्यामागे दरमहा ५ किलो धान्य ठरते. या दोन मापांतून एक विसंगती निर्माण होते, तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही: सात माणसांच्या घरात दोन्ही गटांचा वाटा सारखाच पडतो, आणि आठवे माणूस आले की सर्वांत गरीब म्हणून निवडलेल्या अंत्योदय कुटुंबाला प्राधान्य कुटुंबापेक्षा पाच किलो कमी मिळू लागते. कायद्याने दर ठरवले ते तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि ज्वारी-बाजरी-नाचणीसारखी भरड धान्ये १ रुपया किलो असे. १ जानेवारी २०२३ पासून मात्र केंद्र सरकारने हे धान्य पूर्णपणे मोफत केले असून १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी त्या निर्णयाला मुदतवाढ दिली आहे.

आता रंगांकडे वळावे लागते, कारण महाराष्ट्रात माणसे आपली ओळख कार्डाच्या रंगावरून सांगतात आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. १ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांच्या शिधापत्रिका आहेत. वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला पिवळी, त्याहून अधिक पण १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्याला केशरी, आणि १ लाख किंवा त्याहून अधिक उत्पन्न असलेल्याला, तसेच घरात चारचाकी वाहन किंवा ४ हेक्टरांहून अधिक बागायती जमीन असलेल्याला शुभ्र म्हणजे पांढरी शिधापत्रिका मिळते. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याची गाडी यातून वगळलेली आहे. ही वर्गवारी अन्न सुरक्षा कायद्याच्या चौदा वर्षे आधीची आहे, आणि कायदा आल्यावर ती रद्द न करता तिच्यावरच नवी वर्गवारी बसवण्यात आली. १७ डिसेंबर २०१३ च्या शासन निर्णयाने अंत्योदय कुटुंबे तशीच ठेवली, दारिद्र्यरेषेखालील पिवळे कार्डधारक प्राधान्य गटात घेतले, आणि केशरी कार्डधारकांपैकी ज्यांचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपयांपर्यंत आहे त्यांनाही त्याच गटात आणले. परिणामी एकाच चाळीतल्या दोन शेजाऱ्यांकडे हुबेहूब सारखे केशरी कार्ड असते, एकाच्या कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असतो आणि त्याला धान्य मिळते, दुसऱ्याच्या कार्डावर तो नसतो आणि त्याला काहीच मिळत नाही. थोडक्यात, रंग उत्पन्नाची पायरी सांगतो आणि शिक्का हक्क सांगतो.

या उत्पन्नमर्यादा किती तोकड्या आहेत हे साध्या गुणाकारानेही दिसते. ग्रामीण भागातले ४४ हजार रुपये म्हणजे अख्ख्या कुटुंबाला दिवसाकाठी सुमारे १२० रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षातले १४२ दिवस काम केले, उरलेले दिवस तो रिकामा बसला आणि बाकी कोणी एक पैसाही कमावला नाही, तरी ते कुटुंब कागदावर मर्यादेबाहेर जाते. शहरातले ५९ हजार म्हणजे महिना पाच हजारांहूनही कमी, आणि मुंबईत या रकमेत भाड्याची खोली मिळणेदेखील कठीण. मर्यादा अशी असली की उत्पन्नाचे दाखले तिच्यात ‘बसवले’ जातात, हे पुरवठा शाखेतल्या कारकुनापासून मंत्रालयापर्यंत सर्वांना ठाऊक असते. त्यात खरे उत्पन्न लिहिणारा मजूर बाहेर राहतो आणि दाखला कसा मिळवायचा हे जाणणारा आत येतो, हा या व्यवस्थेतला सर्वांत जुना अन्याय म्हणावा लागेल.

तथापि खरी चाळणी उत्पन्नाची नसून इष्टांकाची आहे. इष्टांक म्हणजे राज्याला, तेथून जिल्ह्याला, तालुक्याला आणि शेवटी दुकानाला वाटून दिलेली लाभार्थ्यांची कमाल संख्या. अधिनियमाने देशातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्के लोकांपर्यंतच व्याप्ती ठेवली, राज्यागणिक हे प्रमाण वेगळे ठरले, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के तर शहरी भागात ४५.३४ टक्के असे प्रमाण आले. २०११ च्या जनगणनेवर ते लावले की सुमारे ७ कोटी लाभार्थी होतात, आणि त्यात सुमारे २५ लाख अंत्योदय कुटुंबे मोडतात. लोकसंख्या वाढली, शहरांकडे माणसे आली, पण २०२१ ची जनगणना झाली नाही आणि हा आकडा होता तेथेच राहिला. तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर पूर्णपणे पात्र असलेल्या कुटुंबाचाही अर्ज पडून राहतो, आणि त्याचा नंबर लागतो तो कोणाचे तरी नाव मृत्यूमुळे, स्थलांतरामुळे किंवा अपात्र ठरल्यामुळे कमी झाल्यावर. वेळोवेळी राबवल्या जाणाऱ्या अपात्र शिधापत्रिका शोधमोहिमांचा व्यवहारातला अर्थ हाच आहे की, नव्यांना जागा करण्यासाठी जुन्यांची तपासणी होते. त्यात सरकारी नोकरदारांची कार्डे सापडतात तशीच हमीपत्र वेळेवर भरून न दिलेल्या म्हाताऱ्या माणसांची नावेही कापली जातात.

अर्जाची वाट या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. ग्रामीण भागात अर्ज तहसीलदार कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबई-ठाणे परिसरात शिधावाटप अधिकाऱ्याकडे आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या परिमंडळ कार्यालयात द्यायचा असतो. अन्न व नागरी पुरवठा विभागाच्या ‘आरसीएमएस’ या संगणक प्रणालीवर घरबसल्याही तो भरता येतो, आणि ज्यांना ते जमत नाही ते आपले सरकार सेवा केंद्रात, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘सेतू’त जातात. नव्या शिधापत्रिकेसाठी नमुना क्रमांक १, नाव वाढवण्यासाठी नमुना ८ आणि नाव कमी करण्यासाठी नमुना ९ असे अर्जाचे ठरलेले नमुने आहेत. सोबत सर्व सदस्यांची आधार कार्डे, राहण्याचा पुरावा म्हणून वीजबिल, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची प्रत, गॅसजोडणीची माहिती आणि दिलेली माहिती खरी असल्याचे हमीपत्र लागते. कुटुंबप्रमुख म्हणून नाव घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचे असावे असे अधिनियमाच्या कलम १३ मध्येच लिहिलेले आहे. ही तरतूद शोभेची नाही, कारण नवऱ्याने घर सोडले किंवा बाईला घराबाहेर काढण्याची वेळ आली तर कार्ड कोणाच्या नावावर आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

कागदपत्रांच्या या यादीत सर्वाधिक वेळ खाणारा कागद म्हणजे नाव कमी केल्याचा दाखला. एक माणूस एकाच शिधापत्रिकेवर असू शकतो, म्हणून लग्न झालेल्या मुलीचे नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी व्हावे लागते, तो दाखला सासरच्या तालुक्यात न्यावा लागतो, आणि विवाहाच्या पुराव्यासह तेथे नाव चढवण्याचा अर्ज द्यावा लागतो. माहेर परभणी जिल्ह्यात आणि सासर पुण्यात असेल तर या दोन टोकांमध्ये काही महिने सहज जातात, आणि त्या काळात ती कोणत्याच कार्डावर नसते. पुढे सासरच्या शिधापत्रिकेवर नाव चढले तरी धान्य लगेच सुरू होईल असे नाही; माहेरी तिच्या नावाचे पाच किलो बंद झाले ते त्या तालुक्याच्या इष्टांकात मोकळे झाले, आणि सासरच्या तालुक्यात जागा असेल तरच ते तिला पुन्हा मिळणार. नव्याने जन्मलेल्या मुलांचेही असेच होते, जन्मदाखला आणि आधार देऊन नाव लागते, पण वाटा वाढतोच असे नाही. भावाभावांनी चूल वेगळी केल्यावर विभक्त शिधापत्रिका मागितली जाते तेव्हा अधिकारी स्थळपाहणी करतात, कारण एकाच घरात दोन कार्डे काढून जास्तीचा लाभ घेतला जात नाही ना हे त्यांना पाहायचे असते. वेगळा स्वयंपाक, वेगळे वीजबिल, वेगळी घरपट्टी यांपैकी काहीतरी दाखवता आले तर ही पाहणी सुकर होते. शिधापत्रिका केवळ ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून हवी अशी मागणीही पुष्कळ होते, परंतु केंद्राच्या २०१५ च्या सार्वजनिक वितरण व्यवस्था नियंत्रण आदेशाने शिधापत्रिका अशा पुराव्यासाठी वापरता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे.

मंजुरीनंतर कुटुंबाला बारा अंकी क्रमांक मिळतो, आणि खऱ्या अर्थाने शिधापत्रिका म्हणजे हा क्रमांक. हातातले पुस्तक फाटले तरी चालते, क्रमांक चुकला तर चालत नाही. रास्त भाव दुकानात दुकानदार तो ई-पॉस यंत्रात टाकतो, पडद्यावर सदस्यांची नावे येतात, त्यांपैकी कोणीही एकाने बोट टेकवून ओळख पटवली की त्या महिन्याचे अनुज्ञेय धान्य दिसते आणि पावती निघते. ही पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरचे वजन तराजूवरच्या वजनाशी ताडून पाहावे, कारण मापातली चोरी पकडण्याचे लाभार्थ्याच्या हातातले तेवढेच साधन आहे. ऊस तोडणाऱ्या, विटा थापणाऱ्या आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, ही तक्रार सर्वत्र आहे. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळाची पडताळणी किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी हे पर्याय आहेत, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका मुलीच्या मृत्यूनंतर देशभर वाद झाल्यावर, केवळ आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये असे केंद्राने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यांना लेखी कळवले आहे. ई-केवायसी, म्हणजे प्रत्येक सदस्याची आधारद्वारे एकदा करायची पडताळणी, ही यापेक्षा वेगळी बाब आहे. दरमहा अंगठा एकाचा चालतो, ई-केवायसी मात्र घरातल्या प्रत्येकाची लागते, आणि शिक्षणासाठी किंवा कामासाठी बाहेरगावी असलेल्याची ती राहून गेली तर त्याच्या वाट्याचे धान्य थांबू शकते. ती कोणत्याही रास्त भाव दुकानात होते.

‘एक देश, एक रेशन कार्ड’ या योजनेने गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा फरक केला तो स्थलांतरितांच्या बाबतीत. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र प्रदेश-तेलंगणा या दोन जोड्यांपासून तिचा आरंभ झाला आणि २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर ती देशभर लागू झाली. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले जोडपे तेथल्या दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य घेऊ शकते आणि गावी राहिलेले म्हातारे आईबाप त्याच कार्डावरचा उरलेला भाग गावच्या दुकानातून उचलू शकतात. ही सोय फक्त अन्न सुरक्षा कायद्यातल्या धान्यापुरती आहे. २०२२ च्या दिवाळीपासून राज्य सरकारने सणासुदीला शंभर रुपयांत दिलेला ‘आनंदाचा शिधा’, म्हणजे रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल, हा राज्याचा स्वतंत्र उपक्रम होता. आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांची गोष्टही अशीच वेगळी आहे: त्यांना २०१५ पासून राज्य सरकार स्वस्त धान्य देत होते, आणि २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात जमा करण्याचे ठरले, पुढे ही रक्कम वाढवण्यात आली. दीडशे रुपयांत बाजारातून पाच किलो धान्य आणून दाखवावे, असे त्या शेतकऱ्याने म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

अर्ज अडला तर काय करायचे याची तरतूद कायद्यात आहे, ती वापरली जात नाही ही गोष्ट निराळी. पहिली खबरदारी म्हणजे अर्जाची तारीखवार पोच घेणे. शिधापत्रिकेच्या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत, त्यामुळे मुदतीत निर्णय झाला नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर प्रथम आणि द्वितीय अपील करता येते. मात्र पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही, आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ या तोंडी उत्तराविरुद्ध अपील होत नसते. धान्य कमी मिळणे, दुकान बंद असणे, पावती न देणे अशा तक्रारींसाठी १९६७ हा विनाशुल्क क्रमांक आहे, गाव व तालुका पातळीवर दक्षता समित्या आहेत, अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे आणि त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे दाद मागता येते. याच कायद्याच्या कलम ८ नुसार हक्काचे धान्य मिळालेच नाही तर अन्न सुरक्षा भत्ता रोख देणे बंधनकारक आहे, आणि २०१५ च्या नियमांनी तो किमान आधारभूत किमतीच्या सव्वापटीतून कायद्याने ठरवलेला विक्रीदर वजा करून काढायचे ठरवले आहे. या भत्त्याची मागणी करणारा अर्ज कोणत्याही तहसील कार्यालयात क्वचितच येत असेल, कारण ज्यांचा तो हक्क आहे त्यांना तो आहे हेच कोणी सांगितलेले नाही.

इष्टांकाचा प्रश्न मात्र अपिलाने सुटत नाही. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ई-श्रम पोर्टलवर नोंद असूनही शिधापत्रिका नसलेल्या मजुरांना ती देण्याचे आदेश राज्यांना दिले, आणि पुढे कायद्यातल्या लाभार्थीसंख्येची मर्यादा त्यांच्या आड येऊ देऊ नये असेही बजावले. तरी केंद्राकडून येणारे धान्य जुन्याच आकड्यांवर येत असल्याने राज्ये हात राखूनच नावे वाढवतात. जनगणनेसाठी आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे, तिचे आकडे प्रसिद्ध होऊन नवे इष्टांक निश्चित होईपर्यंत सध्याचीच मर्यादा चालणार. दरम्यान २०२५ मध्ये नियंत्रण आदेशात झालेल्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या आहेत: सलग सहा महिने धान्य न उचलणारी शिधापत्रिका तात्पुरती निष्क्रिय करून तिची पडताळणी करायची, आणि पात्र अर्जदारांना प्रथम येईल त्याला प्रथम या क्रमाने, सर्वांना पाहता येईल अशा प्रतीक्षायादीतून घ्यायचे. म्हणजे आज जागा नाही म्हणून अर्जच न करणे हे तोट्याचे आहे, कारण त्या यादीतला क्रम अर्जाच्या तारखेवरून ठरणार आणि ती तारीख दाखवणारा कागद अर्जदाराकडे असावा लागणार.